स्विफ्टचे मागचे ड्रम काढून डिस्क बसवायचे आहेत, काय काय बदलावं लागेल?

देवळालीकर

मंडळी, गाडी पहिल्या पिढीची स्विफ्ट व्हीएक्सआय, १.३ पेट्रोल, २००९ची, एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम. टायर १६५/८० आर १४, रिम लोखंडी. रोजचा वापर नाशिकमध्येच, देवळाली ते अंबडची औद्योगिक वसाहत. त्याशिवाय कसारा घाट आणि अधूनमधून वणीचा गड, तेही पाच माणसं आणि सामान भरून.

तक्रारी तीन आहेत. घाट उतरताना शेवटच्या वळणांपर्यंत पेडल मऊ पडतं आणि जास्त आत जातं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की पुढचे एक-दोन ब्रेक ढिले लागतात. हँडब्रेक नऊ टिक ओढल्याशिवाय धरत नाही.

म्हणून मागेही डिस्क बसवायचा विचार आहे. बाहेरच्या देशातल्या स्विफ्ट स्पोर्टला चारही डिस्क असतात, तो माल बसेल का? नसेल तर जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीचं कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) घेऊन अंबडला प्लेट कापून ब्रॅकेट बनवता येईल. हँडब्रेकचं काय करायचं? मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलमध्ये दाब तयार करणारा) बदलावा लागतो का? आणि आरटीओत अडचण येते का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

सातपूर टर्निंग

देवळालीकर, तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या आहेत. पाण्याची तक्रार खरोखर ड्रमची आहे. हँडब्रेकची तक्रार ॲडजस्टमेंटची आहे. घाटातली मऊ पेडल बहुतेक मागच्या ब्रेकची नाहीच.

आधी हिशेब करू. स्विफ्टचा व्हीलबेस २३९० मिमी. चालकासह वजन ११०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५३० मिमी आणि उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर ६२ टक्के भार असं धरा. ०.८ जी (गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट) इतका कडक ब्रेक मारला तर पुढे सरकणारा भार = ११०० × ०.८ × ५३० ÷ २३९०, म्हणजे सुमारे १९५ किलो. मागच्या चाकांवर उभ्या गाडीत ४१८ किलो होते, ते २२३ उरले. म्हणजे गाडी थांबवण्याच्या कामात मागच्या दोन्ही चाकांचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा. पाच माणसं बसली की हा वाटा वाढतो, पण मुख्य काम पुढच्या चाकांकडेच राहतं. चाक जाम करण्याइतका जोर चांगल्या स्थितीतल्या ड्रममध्ये आजही आहे, आणि त्यापुढे सगळा खेळ टायरचा. थांबायचं अंतर कमी होईल या आशेने डिस्क लावणार असाल तर तो खर्च टायरवर करा.

आता घाट. ब्रेक तापल्यावर दोन प्रकार होतात आणि ते पायाला वेगळे कळतात. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर डिस्कच्या पॅडचं किंवा ड्रमच्या शूवरच्या लायनरचं घर्षण घटलंय. पेडल स्पंजासारखं मऊ होऊन आत जातंय, तर ब्रेक ऑइलमध्ये वाफ झाली आहे. तुम्ही सांगताय तो दुसरा प्रकार. डॉट ३ श्रेणीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २०५ अंश असतो, पाणी शोषल्यावर १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. इगतपुरीकडच्या पावसाळी हवेत दोन-तीन वर्षं ऑइल तसंच राहिलं तर ते खालच्या आकड्याकडेच सरकतं. आणि उकळतं ते पुढच्या कॅलिपरमध्ये, कारण सगळ्यात जास्त तापतं तेच.

ड्रमचा वाटा शून्य नाही. ओतीव लोखंडाचा २०० मिमीचा ड्रम २०० अंशांनी तापला की त्याचा व्यास साधारण ०.४४ मिमीने वाढतो. शूला (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानीला) तेवढं जास्त बाहेर यावं लागतं आणि पेडल खोल जातं. ओळखायची खूण: पेडल लागोपाठ दोनदा मारा. दुसऱ्या वेळी ते वर येऊन टणक लागलं तर फट वाढली आहे. वर आलं तरी लवचिकच राहिलं तर वाफ किंवा हवा.

तेव्हा डिस्कचं नाव काढण्याआधी हे करा. चारही चाकांतून सगळं ऑइल बदला, डॉट ४ भरा, रिझर्व्हायर (ऑइलची बाटली) काढून धुऊ नका, त्यातलं जुनं ऑइल उपसून घ्या. पुढच्या कॅलिपरच्या स्लाइड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतं) बाहेर काढून बघा. कोरड्या असतील तर एकच पॅड काम करत असतो आणि तोच भाजून निघतो. मग ड्रम उघडा. ड्रमच्या आत कमाल व्यास कोरलेला असतो. इनसाइड मायक्रोमीटरने किंवा ड्रम गेजने निदान तीन ठिकाणी माप घ्या, म्हणजे झीजही कळते आणि अंडाकृती झालाय का तेही. व्हील सिलिंडरचं (शू बाहेर ढकलणाऱ्या सिलिंडरचं) रबरी बूट उचलून आत ओल आहे का पाहा. बॅकप्लेटवर (ड्रममागच्या स्थिर थाळीवर) शूची कड जिथे टेकते त्या उंचवट्यांवर खाच पडली असेल तर शू अडकत अडकत सरकतो. तिथे पॉलिश पेपर मारून, जास्त तापमानाचं ग्रीस नखाएवढंच लावा. त्याहून जास्त लावलं की ते लायनरवर जातं.

आणि घाट उतरताना दुसरा-तिसरा गिअर. हे सांगायची गरज नसावी, पण कसाऱ्याला गाड्यांच्या चाकांतून येणारा वास बघता सांगितलेलं बरं.

देवळालीकर

ऑइल कधी बदललं याची नोंद नाही, तेव्हा ते पहिलं काम. ड्रमही उघडतो. पण डिस्कची हौस आहेच, हे मान्य करून टाकतो. करायचंच ठरवलं तर नीट कसं होतं, ते सांगा.

चार डिस्क

स्पोर्टचा माल आधी बाजूला ठेवू. २००५ नंतरच्या पिढीच्या स्पोर्टला पाच बोल्ट आहेत, पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) ११४.३, मधलं भोक ६०.१ मिमी. तुमची गाडी चार बोल्ट, पीसीडी १००, मधलं भोक ५४.१. मागे स्पोर्टच्या डिस्क लावल्या तर मागची दोन चाकं वेगळी आणि पुढची वेगळी. स्टेपनी एकाच टोकाला चालणार. म्हणजे पुढचे हबही बदला, रिमही बदला. तिथून खर्चाला अंत नाही.

ज्यांच्या गाडीला भावकीतलाच माल मिळतो त्यांचं सोपं असतं. फियाट पुंटोला मागे ड्रम, पण लिनिया टी-जेट आणि अबार्थ पुंटोला चारही डिस्क. भाग एकाच घरातले. आपल्याकडच्या स्विफ्टला असं सावत्र भावंड नाही, म्हणून ब्रॅकेट बनवण्यावरच येतं.

पहिली अडचण बेअरिंगची. या स्विफ्टमध्ये मागचं बेअरिंग ड्रममध्येच दाबून बसवलेलं आहे. ड्रम काढला की चाक कशावर बसवणार? उपाय असा: नवीन ड्रम घ्यायचा, बेअरिंगसकट, आणि लेथवर त्याची बाहेरची वाटी कापून फक्त हब ठेवायचा. डिस्क त्या हबवर टोपीसारखी बसते. जुना ड्रम वापरू नका, त्याचं बेअरिंग किती चाललंय ते सांगता येत नाही. कापल्यावर हबचा जो व्यास उरतो तो डिस्कच्या मधल्या भोकाला नेमका बसला पाहिजे. ढिला बसला आणि डिस्क फक्त स्टडच्या आधारावर राहिली तर ती मध्यावर कधीच येत नाही. चाक लावायची बाजू आणि डिस्क बसायची बाजू एकाच सेटिंगमध्ये फेस (सपाट) करा. जॉब चकमधून काढून परत धरला की समांतरपणा गेला.

डिस्क चढली की तिच्या टोपीच्या जाडीइतकं, पाच-सहा मिमी, चाक बाहेर येतं आणि स्टडचे आटे तेवढे कमी पडतात. स्टड एम १२ × १.२५. नट किमान १२ मिमी चढला पाहिजे, म्हणजे जवळपास दहा आटे. नट हाताने फिरवून मोजा. कमी भरले तर लांब स्टड दाबून बसवा, आणि तेही हब कापण्याआधी. कापून पातळ झालेल्या फ्लँजवर प्रेस मारला तर फ्लँज वाकतो.

स्टब ॲक्सल (ज्यावर चाक फिरतं तो आखूड दांडा) मागच्या बीमला चार बोल्टनी बसतो आणि त्याच बोल्टमध्ये बॅकप्लेट धरलेली असते. बॅकप्लेट जाते, तिच्या जागी ब्रॅकेट येतं. प्लेट १० किंवा १२ मिमी माइल्ड स्टील, लेझरने कापून, भोकं मात्र मशीनवर रीमरने नेमक्या मापाची करून. पण पूर्ण जाडी स्टब ॲक्सलखाली ठेवली तर चाक आणखी बाहेर येतं. म्हणून बसायच्या जागी पॉकेट मारून जाडी कमी करतात. तरी बॅकप्लेटपेक्षा जितकी जास्त उरेल तितके लांब बोल्ट घ्यावे लागतात. बोल्ट १०.९ ग्रेडचे, हार्डवेअरच्या दुकानातले सुट्टे नकोत. बीमवर वेल्डिंग करून लग लावायचा मोह कोणी पाडला तर तिथून उठा. तो टॉर्शन बीम आहे, पिळवटण्यासाठीच बनवलाय. वेल्डजवळ तडा जातोच.

कॅलिपरवर किती जोर येतो? मागचं चाक जाम होण्याच्या बेताला असताना एका चाकावर ११० किलो भार, पकड ०.८, चाकाची त्रिज्या २९ सेंमी. टॉर्क सुमारे २५० न्यूटन-मीटर. डिस्कच्या १०० मिमी त्रिज्येवर तो २५०० न्यूटन होतो. गाडी भरलेली असेल तर याच्या दुपटीपर्यंत धरून चाला. ब्रॅकेटचा हात जितका लांब तितका तो पिळणार, म्हणून कॅलिपर स्टब ॲक्सलच्या जितकं जवळ आणता येईल तितकं बरं.

जोडून झाल्यावर डायल गेज लावा. मॅग्नेटिक बेस बीमवर, सुई डिस्कच्या कडेपासून १० मिमी आत, चाकाचे नट वॉशर घालून पूर्ण टॉर्कवर. डोलणं ०.१ मिमीच्या आत हवं. जास्त असेल तर डिस्क एका स्टडने पुढे सरकवून परत मोजा. हब आणि डिस्कची खोट कधी कधी एकमेकींना खोडते. तरी राहिलं तर हब परत लेथवर. कॅलिपरचा मध्य डिस्कच्या मध्यावर आणायला शिम (पातळ पत्रे) चालतात, पण कॅरिअर (कॅलिपर धरणारी चौकट) तिरका असेल तर शिम लावून जुळवू नका. पॅड पाचरीसारखे झिजतात.

रिममध्ये जागा आहे का हे डिस्क विकत घेण्याआधी बघा. १४ इंची लोखंडी रिममध्ये २४० मिमीच्या पुढे अवघडच जातं. पुठ्ठ्याचा कॅलिपर कापून लावून पाहिला तरी पुरे. कॅलिपर आणि रिममध्ये ३ मिमी तरी फट हवी, आणि चाकाला आतून चिकटवलेली शिशाची वजनंही त्यात धरा.

पाइपचं सांगतो, कारण इथेच लोक घाई करतात. ड्रमला लोखंडी पाइप थेट व्हील सिलिंडरपर्यंत जात होता, कारण सिलिंडर हलत नाही. तरंगतं कॅलिपर सरकतं, त्याला लवचिक होज लागतेच. लोखंडी पाइप मध्ये कापून, ब्रॅकेटवर पक्का धरून, तिथून होज. पाइपचं टोक डबल फ्लेअर आहे की बबल फ्लेअर (टोक पसरवायचे दोन आकार) हे पाहून समोरची सीट तशीच घ्या. बेजोड लावले तर आवळताना गच्च वाटतात आणि दाब आला की पाझरतात. बँजो बोल्टला (ऑइल ज्यातून जातं त्या पोकळ बोल्टला) तांब्याचे दोन वॉशर, दर वेळी नवे. मग चाक लटकतं ठेवून आणि मग जॅकने पूर्ण वर दाबून, दोन्ही टोकांना होज ताणत नाही आणि कशाला घासत नाही हे बघा.

हँडब्रेकसाठी कॅलिपर तेच घ्या ज्यात हँडब्रेकची यंत्रणा आतच आहे. यातला पिस्टन आतल्या स्क्रूवर बसतो. पॅड घालताना तो फिरवत आत न्यायचा. जी-क्लँपने दाबलात तर आतला ॲडजस्टर मोडतो आणि कॅलिपर गेला. पिस्टनच्या तोंडावर खाच असते आणि पॅडच्या पाठीवर पिन. पिन खाचेत बसली पाहिजे, नाहीतर पॅड तिरका राहतो. केबलचं टोक ड्रमच्या केबलपेक्षा वेगळं आणि लांबीही वेगळी, त्यामुळे केबल करून घ्यावी लागते. कॅलिपरमधली फट आधी, केबल नंतर. केबल ओढलेली असताना पेडलने ॲडजस्ट करायला गेलात तर लिव्हर शून्यावर येत नाही, स्क्रू पुढे सरकत नाही आणि पेडल कायमचं खोल जातं. कन्व्हर्जननंतर पेडल खाली जाण्याच्या तक्रारींत हवेनंतर हेच कारण जास्त सापडतं.

आणि हवेचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं की डावं कॅलिपर उजवीकडे गेलेलं असतं. ब्लीड निपल (हवा काढायचं तोंड) सगळ्यात वर आला पाहिजे. खाली आला तर बाटल्या ओता, हवा वरच बसणार.

दाबमापक

वरचं यांत्रिक वर्णन ठीक आहे. पण ब्रॅकेट बनवणाऱ्यांपैकी निम्मे पुढचा भाग सोडून देतात, आणि गाडी उलटी फिरते ती इथे.

ड्रममधला एक शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच आणखी दाबला जातो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही. म्हणून डिस्कला मोठा पिस्टन लागतो. किती मोठा, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. उदाहरण घेऊ: व्हील सिलिंडर ११/१६ इंची, म्हणजे १७.४६ मिमी, क्षेत्रफळ २३९ चौमिमी. एक बार दाबाला २३.९ न्यूटन. शूचा गुणक (घर्षण आणि ही फुकटची मदत धरून) २.२, ड्रमची त्रिज्या ०.१ मीटर. दर बारला टॉर्क ५.३ न्यूटन-मीटर.

आता २४० मिमी डिस्क, परिणामी त्रिज्या तीच ०.१ मीटर, पॅडचं घर्षण ०.३८, दोन बाजू म्हणून ०.७६. पिस्टन ३० मिमी घेतला तर दर बारला ५.४. जवळपास ड्रमइतकंच. ३४ मिमी घेतला तर ६.९, म्हणजे तीसएक टक्के जास्त. ३८ मिमी घेतला तर ८.६, साठ टक्क्यांहून जास्त. जुन्या बाजारात मोठ्या सेडानची जी कॅलिपरं मिळतात ती ३४ ते ३८ मधलीच असतात. दिसायला भरीव असतात म्हणून लोक खूश होतात. मागचं चाक पुढच्याआधी जाम होणार हे त्याच वेळी ठरलेलं असतं. पुढची चाकं जाम झाली तर गाडी सरळ घसरते. मागची झाली तर शेपूट पुढे येतं. ओल्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, वळणावर हे सगळ्यात आधी होतं. आपल्या सिलिंडरवर कोरलेला आकडा वाचा, आपल्या ड्रमचं माप घ्या आणि हाच हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करा.

मग म्हणाल, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावू. इथे दुसरा खड्डा आहे. पुढची चाकं ओढणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेकचे दोन सर्किट तिरके असतात: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका सर्किटवर, उरलेली दोन दुसऱ्यावर. एक पाइप फुटला तरी एक पुढचं चाक धरतं, यासाठी ती सोय. ऑनलाइन मिळणारा नॉबवाला व्हॉल्व्ह एका पाइपचा असतो. तो वापरायला मागचे दोन्ही पाइप एकत्र केले की दोन सर्किट जोडली गेली. त्यानंतर कुठेही गळती झाली तर चारही ब्रेक जातात. व्हॉल्व्ह लावायचाच तर दोन वेगळ्या खोल्यांचा, तिरक्या सर्किटसाठीचाच. त्यापेक्षा पिस्टन योग्य निवडा आणि कंपनीचा व्हॉल्व्ह जसा आहे तसा ठेवा. ॲक्सलजवळ स्प्रिंग-लिव्हरचा, भारावर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर स्प्रिंग मागे बदलली गेली आहे का तेही बघा. मागची स्प्रिंग उंच केली की तो गाडी रिकामी समजून दाब कमी करतो.

मास्टर सिलिंडर सहसा बदलावा लागत नाही. जुन्या ड्रमच्या काही गाड्यांत मास्टरमध्ये १० पीएसआयचा उरता दाब ठेवणारा व्हॉल्व्ह असायचा, तो डिस्कला चालत नाही; पॅड घासत राहतात. तपासायला सोपं: पेडल मारून सोडा, मिनिटभराने मागचा निपल उघडा. ऑइलची पिचकारी उडाली तर दाब अडकलेला आहे.

चाचणी मोकळ्या, बंद जागेत, ओल्या जमिनीवर, ४० च्या वेगाने. बाहेर उभ्या माणसाने मोबाइलवर चाकांचं स्लो मोशन घ्यावं. आधी रिकामी गाडी, मग भरलेली. पुढची चाकं आधी जाम झाली पाहिजेत, दोन्ही वेळा. एबीएस असलेल्या गाडीला तर हे काम करूच नये. चाकाच्या वेगाच्या रिंगचे दात जुळवले तरी मॉड्यूलचा हिशेब मूळच्या ड्रमवर बसवलेला असतो.

एमएच पंधरा

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

आरसी बुकात ड्रम की डिस्क हे लिहिलेलं नसतं, म्हणून ‘कोणाला कळतंय’ असं सर्रास ऐकू येतं. पण २००९ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं झाली. नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं आणि दर वेळी पेठ रोडच्या आरटीओत तपासणी. तिथे चाकामागे घरगुती ब्रॅकेट दिसलं तर प्रश्न येणारच. त्याहून मोठा प्रश्न विम्याचा. बदल कळवला नसेल आणि अपघातात ब्रेकचा विषय निघाला तर सर्व्हेअर पहिलं बोट त्यावरच ठेवणार.

चार डिस्क

दाबमापकांचं म्हणणं मान्य, ३० मिमीचं कॅलिपर शोधणं हेच खरं कठीण काम आहे. एमएच पंधरांचंही मान्य.

एक गोष्ट मात्र डिस्कच्या बाजूने नोंदवतो. पाण्याच्या बाबतीत डिस्क उजवी आहे यात वाद नाही. ती उघडी असते, पाणी फिरून उडतं, पॅड पुसून घेतो. ड्रममध्ये शिरलेलं पाणी लवकर बाहेर पडत नाही. दिंडोरी-पिंपळगावकडच्या मळ्यातल्या रस्त्यांवर चिखल आत गेला की लायनरची पावडर आणि माती मिळून लेप तयार होतो, तो तर ड्रम उघडल्याशिवाय निघत नाही.

सातपूर टर्निंग

उघडेपणाची दुसरी बाजू पण बघा. छोट्या गाडीत मागची डिस्क इतकी कमी वापरली जाते की ती स्वतःला पुसूनही घेत नाही. पावसाळ्यात आठवडाभर उभी राहिली की गंज धरते, स्लाइड पिना धुळीने जाम होतात आणि आतला पॅड लोखंडापर्यंत गेला तरी बाहेरचा नवाच दिसतो. फोक्सवॅगनने २०२० च्या आयडी.३ या इलेक्ट्रिक गाडीला मागे ड्रमच दिले, ते केवळ पैसे वाचवायला नव्हे. मोटरच गाडी थांबवत असेल तर मागचा ब्रेक दिवसेंदिवस वापरात येत नाही, आणि बंद ड्रम अशा वेळी टिकतो.

हँडब्रेकलाही ड्रमच बरा. शू स्वतः ओढला जातो म्हणून कमी जोरात धरतो. डिस्कवरचा हँडब्रेक तापलेल्या अवस्थेत लावला की पॅड आणि डिस्क थंड होताना आकसतात, पकड सुटते आणि उतारावर गाडी चालू पडते. गडाच्या पार्किंगला हे आठवा. युरोपीय नियमात भरलेली गाडी २० टक्के चढावर हँडब्रेकने उभी राहिली पाहिजे आणि हाताचा जोर ४०० न्यूटनच्या वर लागता कामा नये. घरगुती केबलवर एवढं धरतं का ते मोजूनच बघा.

देवळालीकर

ड्रम उघडले. ड्रमवर कमाल २०२ कोरलंय. डाव्याचा व्यास २००.९, उजव्याचा २००.२. डाव्या व्हील सिलिंडरच्या बुटाखाली ऑइल आहे आणि त्या बाजूचे लायनर कडेला भिजलेत. उजव्या बाजूचा ॲडजस्टर गंजून जाम. पुढच्या डाव्या कॅलिपरची खालची पिन हलतच नाही. आता डिस्क बाजूला ठेवून आधी हेच नीट करायचं ठरवलंय. ड्रम लेथवर टर्न करायचे की नवे घ्यायचे? लायनर पेट्रोलने धुऊन चालतील का?

सातपूर टर्निंग

लायनर धुऊन चालत नाहीत. ऑइल आत मुरलेलं असतं, तापलं की परत बाहेर येतं आणि ती बाजू कधी सरकते, कधी चिकटते. दोन्ही बाजूंचा पूर्ण शू सेट नवा, दोन्ही व्हील सिलिंडर नवे, रिटर्न स्प्रिंगही नव्या. फक्त डावा बदललात तर पुढच्या महिन्यात उजवा गळेल.

ड्रम टर्न करा. दोन्ही २०१.० ला आणा, म्हणजे डाव्यातून व्यासात ०.१ आणि उजव्यातून ०.८ निघेल. डावा अंडाकृती असेल आणि २०१ ला साफ होत नसेल तर दोन्ही २०१.२ करा, पण सारखेच ठेवा. बेअरिंग ड्रममध्ये आहे, तेव्हा ड्रम बाहेरच्या कडेवर धरू नका, बेअरिंगच्या बोअरवर मँड्रेल (धरायचा गोल दांडा) घालून धरा. नाहीतर गोल होईल पण चाकाशी एकमध्य राहणार नाही. टर्निंगनंतर आतली पावडर हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. बेअरिंग त्या वेळी झाकून ठेवा.

स्पिंडलचा नट नवा लावा, मॅन्युअलच्या टॉर्कवर आवळा आणि कड ठोकून खाचेत बसवा. जुना नट परत ठोकला की कड तुटते.

उजवा ॲडजस्टर रॉकेलमध्ये भिजवून सुटला तरी आटे तपासा. दाते बोथट असतील तर नवाच. डावा आणि उजवा ॲडजस्टर वेगळे असतात, खुणा करून ठेवा. उलटे बसले तर घट्ट होण्याऐवजी ढिले होत जातात.

जोडताना हँडब्रेकची केबल मागे पूर्ण ढिली ठेवा. शू हाताने इतके पसरवा की ड्रम किंचित घासत चढेल. मग ऑइल बदलून हवा काढा, तिरक्या क्रमाने: मागचं उजवं, पुढचं डावं, मागचं डावं, पुढचं उजवं. हवा निघाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल वीस-पंचवीस वेळा पूर्ण दाबून सोडा, ॲडजस्टर आपली जागा घेतात. सगळ्यात शेवटी केबल आवळा. मागची चाकं उचललेली असताना पहिल्या टिकला मोकळी फिरली पाहिजेत, चार-पाच टिकला धरली पाहिजेत. नऊ टिकवर केबल आवळून चार करायचा शॉर्टकट कोणी सुचवला तर घेऊ नका. केबल ताणलेली राहिली की ॲडजस्टरचं काम थांबतं आणि पेडल परत खोल जायला लागतं.

टर्न केलेल्या ड्रमची गोलाई आणि शूची गोलाई सुरुवातीला जुळत नाही, शू मधोमधच टेकतो. पहिले दोनशे किलोमीटर ५० वरून २० पर्यंत हलके ब्रेक मारत चालवा, मध्ये गार होऊ द्या, आणि तेवढ्यात घाटात जाऊ नका. त्यानंतर ड्रम परत उघडून लायनरवरचा घासल्याचा डाग बघा. लांबीच्या तीन चतुर्थांशावर आला असेल तर केबल पुन्हा एकदा तपासून बंद करा.

पुढची जाम पिन तापवून काढायला जाऊ नका, बुटाचं रबर जळतं. पिना आणि बुटाचं किट स्वस्त मिळतं. त्यात पेट्रोलियमचं ग्रीस नको, सिलिकोनचंच भरा. पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा तिथेच अडकते.